सायलेन्सरचे गास्केट पुन्हा पुन्हा उडणे: १९७१ च्या एअर-कूल्ड फोक्सवॅगन बसमधील एका चिवट बिघाडाचे निवारण

इंजिन नव्याने बांधून झाले आहे, एक्झॉस्ट नवाकोरा बसवला आहे, आणि तरीही दर हजार-बाराशे किलोमीटरला सायलेन्सरचे गास्केट (सांध्यात दाबून बसवलेली चकती) उडते, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी हे टिपण लिहीत आहे. माझ्या बसमध्ये हा बिघाड एकाच मोसमात तीन वेळा झाला. तिन्ही वेळा मी गास्केट बदलले आणि तिन्ही वेळा ते वाया गेले, कारण दोष गास्केटमध्ये नव्हता आणि सायलेन्सरमध्येही नव्हता. तो इंजिनाच्या रुंदीत होता.

माझी बस १९७१ सालची, हानोफरच्या कारखान्यात बांधलेली आहे. इंजिन मागच्या बाजूला, दोन्ही कडांना दोन-दोन अशा चार आडव्या सिलिंडरचे, १५८४ सीसीचे आणि ५० अश्वशक्तीचे, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६९ मिलिमीटर. हेच इंजिन थोड्याफार फरकाने बीटल मोटारीतही होते आणि ब्राझीलमध्ये बनणाऱ्या बसमध्ये ते थेट २००५ पर्यंत बसवले जात होते. त्यामुळे पुढे लिहिलेले बहुतेक सारे बीटल बाळगणाऱ्यांनाही लागू पडेल, मग ती बीटल जर्मनीत असो वा पुण्यात.

बिघाड समजण्यासाठी आधी एक्झॉस्टची रचना नीट डोळ्यांसमोर आणावी लागते. गाडीच्या पुढच्या दिशेला तोंड करून उभे राहिले की उजवीकडचा पुढचा सिलिंडर एक नंबरचा, त्याच्या मागचा दोन नंबरचा. डावीकडचा पुढचा तीन नंबरचा आणि त्याच्या मागचा चार नंबरचा. एक आणि तीन नंबरचा जळका वायू पुढच्या बाजूने बाहेर पडून दोन्ही कडांच्या हीट एक्स्चेंजरमधून (हीटरसाठी हवा तापवणाऱ्या खोक्यांतून) मागे येतो आणि तेथे क्लॅम्पने सायलेन्सरला जोडला जातो. हा सांधा सरकता आहे, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तरी तो सांभाळून घेतो. दोन आणि चार नंबरचे मात्र तसे नाही. त्यांच्या हेडवरच (सिलिंडरच्या बाहेरच्या टोकाच्या झाकणावर) सायलेन्सरच्या फ्लॅन्ज (नळीच्या तोंडाच्या सपाट कडा) थेट नटांनी आवळलेल्या असतात. याचा अर्थ असा की सायलेन्सर हा उजव्या आणि डाव्या हेडच्या मध्ये घट्ट बांधलेला एक लोखंडी पूल आहे, आणि दोन काठांमधले अंतर बदलले तर ताण त्या पुलावर आणि त्याच्या दोन टोकांच्या गास्केटवर येणारच. ही साधी गोष्ट मला चौथ्या खेपेला उमगली.

लक्षणे अशी होती. चढावर किंवा महामार्गावर तासभर चालवल्यानंतर इंजिनाच्या डाव्या मागच्या बाजूने 'फुस-फुस' असा आवाज येऊ लागे. ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सर फटाके फोडल्यासारखा वाजे, कारण फुटलेल्या सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्येच पेट घेते. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनाखाली वाकून पाहिले की चार नंबरच्या फ्लॅन्जभोवती काजळीचा काळा पट्टा दिसे, आणि तोही सारखा नसे. फ्लॅन्जच्या बाहेरच्या कडेला गडद आणि आतल्या कडेला जवळजवळ नाहीच. एका बाजूलाच काजळी येणे म्हणजे फ्लॅन्ज तिरकी बसली आहे, हे मी त्याच वेळी ओळखायला हवे होते.

पहिल्या खेपेला मी गास्केट निकृष्ट असावे असे मानून चांगल्या प्रतीचे, धातूची कड असलेले गास्केट बसवले. दुसऱ्या खेपेला फ्लॅन्ज वाकडी असावी असे वाटून सायलेन्सर उतरवला, सपाट काचेवर एमरी कागद ठेवून दोन्ही फ्लॅन्ज घासून सपाट केल्या. तिसऱ्या खेपेला सायलेन्सरच नवा आणला. नवा सायलेन्सर लावताना चार नंबरची फ्लॅन्ज व्यवस्थित टेकली आणि दोन नंबरची टेकेना. स्टड (हेडमधून बाहेर आलेले आटेदार खुंट) भोकातून जाईनात. तेव्हा मी हल्लीच्या सुट्या भागांच्या दर्जाला दोष दिला, सायलेन्सर मांडीने रेटून धरला, नट फिरवत नेले आणि फ्लॅन्ज ओढून घेतली. असे करू नये, हे आता मी सांगू शकतो. नटाने ओढून आणलेली फ्लॅन्ज पहिल्या दिवशी बंद दिसते, पण तिच्यात साठलेला ताण गरम-थंड होण्याच्या प्रत्येक फेरीत गास्केटची एक कड दाबतो आणि दुसरी सैल करतो.

खरा सुगावा एक्झॉस्टकडून नाही, तर टॅपेटकडून, म्हणजे वाल्व्हच्या फटीकडून लागला. या इंजिनात वाल्व्हची फट (वाल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांमधली जागा) थंड अवस्थेत ०.१५ मिलिमीटर ठेवायची असते, आणि ती दर ५००० किलोमीटरला तपासायची असते. मी इंजिन नवे बांधलेले म्हणून हजार किलोमीटरलाच तपासत होतो. रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर एक नंबरपासून सुरुवात करून, पुली उलट दिशेने अर्धा-अर्धा फेरा फिरवत एक, दोन, तीन, चार असा क्रम धरला की हे काम सोपे जाते. तीन नंबरच्या दोन्ही वाल्व्हची फट दर वेळी ०.२५ ते ०.३० मिलिमीटर भरे. मी ती पुन्हा ०.१५ वर आणी आणि पुढच्या खेपेला ती पुन्हा वाढलेली असे.

येथे थोडे थांबून हा मुद्दा विस्ताराने मांडतो, कारण या इंजिनाच्या निदानात त्याच्याइतकी उपयोगी खूण दुसरी नाही. फट कमी होत जाणे आणि फट वाढत जाणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या वाल्व्हची फट प्रत्येक तपासणीत कमी झालेली दिसली, तर वाल्व्हची दांडी ताणली जात आहे किंवा वाल्व्ह आपल्या सीटमध्ये रुतत आहे. असा एक्झॉस्ट वाल्व्ह पुढे तुटून पिस्टनमध्ये घुसण्याचा धोका असतो, आणि तेव्हा गाडी चालवणे थांबवून हेड उतरवणे हाच उपाय असतो. उलट, एकाच सिलिंडरच्या इनलेट आणि एक्झॉस्ट अशा दोन्ही वाल्व्हची फट सारख्याच प्रमाणात वाढत असेल, तर वाल्व्हना काहीही झालेले नसते. त्यांना धरून ठेवणारे संपूर्ण हेडच केसपासून (इंजिनाच्या मधल्या धातूच्या पेटीपासून) दूर सरकत असते. पुशरॉड या ढकलदांडीचे एक टोक केसमधल्या टॅपेटवर आणि दुसरे हेडवरच्या रॉकरवर टेकते. हेड बाहेर सरकले की पुशरॉड अपुरा पडतो आणि फट वाढते. आणि हेड बाहेर सरकते ते त्याला ओढून धरणारा स्टड केसमधून उपसला गेला असेल तेव्हाच.

खात्री करण्यासाठी मी डावे वाल्व्ह-कव्हर काढले, रॉकर शाफ्ट उतरवला आणि हेडचे आठही नट टॉर्क पान्याने (ठरलेला जोर आला की वाजणाऱ्या पान्याने) एकेक करून तपासले. माझ्या इंजिनातले स्टड १० मिलिमीटरचे आहेत आणि त्यांना ३२ न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचा असतो. सात नटांवर पाना जागच्या जागी वाजला. तीन नंबरच्या खालच्या, पुढच्या नटावर तो वाजलाच नाही. पाव फेरा झाला, अर्धा झाला, पाऊण झाला, आणि हाताला जाणवणारा विरोध वाढण्याऐवजी लोण्यासारखा मऊ होत गेला. हेड उतरवल्यावर तो स्टड मी दोन बोटांनी धरून बाहेर काढला. त्याच्या आट्यांभोवती केसचा राखाडी धातू स्प्रिंगसारखा गुंडाळलेला होता. केसमधले आटेच्या आटे उपटून त्याच्याबरोबर आले होते.

या इंजिनाची केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. ती वजनाला हलकी असते, पण आटे धरून ठेवण्यात कमकुवत. इंजिन तापले की ॲल्युमिनियमचे हेड पोलादी स्टडच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि स्टडवरचा ताण थंड अवस्थेपेक्षा बराच वाढतो. जाड १० मिलिमीटरचा स्टड ताणला जाण्याऐवजी तो सगळा भार केसच्या आट्यांवर टाकतो. कारखान्यालाही हे लक्षात आले असावे, कारण १९७३ च्या सुमारास ८ मिलिमीटरचे, थोडे लवचिक स्टड आणि केसमध्ये मुळातच बसवलेले पोलादी आटे (आतून आटे असलेली नळकांडी) अशी सुधारणा झाली. माझी बस त्याच्या आधीची आहे. तेव्हा स्टड उपसला जाणे हे या वयाच्या केसला नवीन नाही. पण इंजिन जेमतेम तीन हजार किलोमीटरपूर्वी बांधलेले असताना ते का व्हावे, हा प्रश्न शिल्लक राहिला, आणि नुसता एक स्टड दुरुस्त करून हेड परत चढवले असते तर माझी चौथी फेरीही वाया गेली असती.

म्हणून मी ज्वलनकक्षाचे आकारमान मोजायला घेतले. ही मोजणी इंजिन बांधणाऱ्या प्रत्येकाने करावी असे माझे कळकळीचे सांगणे आहे. तिला महागडी साधने लागत नाहीत. वाल्व्ह आणि स्पार्क प्लग जागेवर बसवलेले हेड टेबलावर उताणे ठेवून बुडबुड्याच्या लेव्हलने सपाट केले. पारदर्शक ॲक्रिलिकच्या जाड तुकड्याला दोन छोटी भोके पाडली, कक्षाच्या कडेला ग्रीसचा पातळ थर लावून तो तुकडा त्यावर दाबून बसवला, आणि एका भोकातून औषधाच्या सिरिंजने लाल रंग मिसळलेले केरोसीन थेंबाथेंबाने सोडत गेलो. दुसऱ्या भोकातून हवा बाहेर पडते. शेवटचा हवेचा बुडबुडा भोकाखाली येऊन नाहीसा झाला तेव्हा मोजलेले केरोसीन ४४ घनसेंटिमीटर भरले. चारही कक्ष ४४ आणि ४४.५ च्या मध्ये आले. या हेडचा मूळ कक्ष ५० घनसेंटिमीटरच्या आसपास असतो.

सहा घनसेंटिमीटर कोठे गेले? बॅरल (सिलिंडरची नळी) जेथे टेकते तो हेडमधला पृष्ठभाग जुन्या गळतीमुळे खडबडीत झाला की तो कापून नव्याने सपाट करतात. माझ्या हेडवर ते काम आधीच्या बांधणीत झाले होते, आणि चारही ठिकाणी सुमारे एकेक मिलिमीटर धातू काढलेला होता. ते काम चुकीचे नव्हते, ताज्या पृष्ठभागाची गरज होतीच; पण काढलेल्या धातूची भरपाई कोणी केली नव्हती, आणि मीही ती विचारली नव्हती.

आता हिशेब मांडतो. ८५.५ मिलिमीटर बोअरचे क्षेत्रफळ ५७.४ चौरस सेंटिमीटर होते, आणि ६९ मिलिमीटर स्ट्रोकने एका सिलिंडरचे आकारमान ३९६ घनसेंटिमीटर. पिस्टन सर्वांत वर असताना त्याच्या माथ्यापासून बॅरलच्या काठापर्यंतची खोली मी सरळ पट्टी आणि फीलर गेजने मोजली, ती १.३ मिलिमीटर होती, म्हणजे ७.५ घनसेंटिमीटर. कक्षाचे ४४ धरले की शिल्लक जागा ५१.५ होते. ३९६ अधिक ५१.५ या बेरजेला ५१.५ ने भागले की ८.७ येते; हे झाले कॉम्प्रेशनचे प्रमाण, म्हणजे आतला वायू किती पट दाबला जातो ते. कारखान्याने या इंजिनाला दिलेले कॉम्प्रेशनचे प्रमाण ७.५ आहे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला ८.७ म्हणजे काहीच नाही, पण दीड टनाच्या घरात वजन असलेली बस चढावर ओढणाऱ्या या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ते प्रमाण हेडचे तापमान आणि स्टडवरचा भार दोन्ही वाढवते. जर्मनीत स्टटगार्टहून उल्मकडे जाताना श्वेबिश आल्ब डोंगरावर चढणारा महामार्ग लागतो. आपल्याकडच्या खंडाळ्याच्या घाटासारखी तेथे गाडीची परीक्षाच होते. माझे गास्केट तिन्ही वेळा त्या चढानंतरच्या एक-दोन दिवसांत बोलू लागले होते, हे तेव्हा आठवले.

आणि दुसरा हिशेब तर त्याहून सोपा आहे. उजवे हेड एक मिलिमीटर आत आले, डावे हेड एक मिलिमीटर आत आले. म्हणजे दोन्ही हेडमधले अंतर दोन मिलिमीटरने घटले. सायलेन्सर मात्र मूळ मापाचाच होता. नवा सायलेन्सर दोन नंबरवर का टेकत नव्हता, याचे उत्तर हे होते. ज्या सुट्या भागाला मी नावे ठेवली तो बरोबर होता आणि माझे इंजिन अरुंद झाले होते. इनटेकच्या बाजूला हा फरक लपून राहिला, कारण १९७१ च्या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड तीन तुकड्यांत असते आणि रबरी नळ्यांनी जोडलेले असते. त्याआधीच्या एकसंध मॅनिफोल्डच्या इंजिनात हवागळती तेथेही दिसली असती. टॅपेटचे स्क्रू नेहमीपेक्षा बरेच बाहेर आलेले होते, कारण पुशरॉड एक मिलिमीटरने लांब ठरत होते. तीही खूण माझ्या डोळ्यांसमोर असूनही मी वाचली नव्हती.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. हेड नवीन घ्यावेत, किंवा बॅरलच्या तळाशी एक मिलिमीटर जाडीची पोलादी स्पेसर रिंग घालून हेड पुन्हा मूळ जागी न्यावेत. स्पेसरमुळे पिस्टन आणि हेडमधली फट वाढते आणि ज्वलन थोडे मंदावते, म्हणून इंजिनाचे काही जाणकार हा मार्ग कमी प्रतीचा मानतात. त्यांचा आक्षेप खरा आहे. पण माझ्या मते जी बस ताशी ८५-९० किलोमीटरच्या वर क्वचितच जाते आणि तासन्‌तास भार ओढते, तिच्यासाठी कमी कॉम्प्रेशन आणि थंड हेड अधिक मोलाचे आहेत. शिवाय माझे हेड मूळचे, तडा नसलेले आणि चांगल्या सीट बसवलेले होते, असे हेड टाकून देववत नाहीत. स्पेसरनंतरचा हिशेब असा आला: वाढलेली जागा ५.७ घनसेंटिमीटर, एकूण ५७.२, प्रमाण ७.९. इंजिनाची रुंदी परत मूळची झाली, पुशरॉड पुन्हा योग्य लांबीचे ठरले, आणि सायलेन्सरला जेथे पोहोचायचे होते तेथे हेड स्वतः आले. एका रिंगने तीन दोष मिटले. चारही रिंगांची जाडी मायक्रोमीटरने मोजून एकसारखी असल्याची खात्री करावी, कारण एका हेडखालच्या दोन बॅरलमध्ये दशांश मिलिमीटरचा फरकही त्या हेडला डुलायला पुरेसा असतो.

स्टडसाठी मी केस पूर्ण खोलली आणि एकच नव्हे तर सोळाही भोकांत १४ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचे पोलादी आटे बसवून घेतले. एक स्टड उपसला गेला असेल तर त्याचे शेजारीही थकलेले असतात. हे भोक हातातल्या ड्रिलने पाडू नये. केस मिलिंग यंत्रावर बांधून भोक बॅरलच्या बैठकीशी काटकोनातच पडले पाहिजे, आणि बसवलेला आटा पृष्ठभागाच्या किंचित खाली राहिला पाहिजे; तो जरा जरी वर राहिला तर बॅरल त्यावर टेकून तिरके बसते. मॅग्नेशियमचा कीस जमू देऊ नये. तो पेटला तर त्यावर पाणी मुळीच ओतू नये, आग भडकते. कोरडी वाळू जवळ ठेवावी. केस खुली होतीच म्हणून क्रँकशाफ्टचा लांबीतला खेळही पाहून घेतला. तो ०.०७ ते ०.१३ मिलिमीटरमध्ये असावा लागतो आणि फ्लायव्हीलमागच्या तीन शिमच्या (पातळ चकत्यांच्या) जाडीने जुळवावा लागतो, माझा ०.१० भरला.

हेड चढवताना पुशरॉडच्या चुणीदार नळ्या हलक्या हाताने ओढून १९० ते १९१ मिलिमीटर लांब करून घ्याव्यात, नाहीतर त्यांची सीले दाबली जात नाहीत आणि तेल थेट तापलेल्या हीट एक्स्चेंजरवर ठिबकते. गाडीत येणारा जळक्या तेलाचा वास पुष्कळदा तेथूनच येतो आणि मालक उगाच एक्झॉस्टच्या मागे लागतो. नट आधी १० न्यूटन-मीटरपर्यंत आणि मग, मधल्या नटांपासून तिरप्या क्रमाने बाहेर जात, ३२ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. ८ मिलिमीटरचे स्टड असतील तर हा आकडा २५ आहे. दोन्हींची गल्लत केल्याने अनेक केस खराब झाल्या आहेत. रॉकर शाफ्टच्या नटांना २५ न्यूटन-मीटर पुरतात.

आता एक्झॉस्ट. जुने नट काढताना एक्झॉस्टचा स्टड हेडमध्ये मोडला तर हेड दुरुस्तीची किंमत एक्झॉस्टपेक्षा जास्त होते, म्हणून घाई करू नये. भेदक तेल आदल्या रात्री सोडावे, दुसऱ्या दिवशी नट लाल होईपर्यंत तापवावा, थोडा निवू द्यावा आणि मग पुढे-मागे, पुढे-मागे असा हलवत काढावा. एकाच दिशेने जोर लावू नये. माझा एक स्टड तरीही मोडला. उरलेल्या खुंटावर नवा नट वेल्ड केला आणि वेल्डच्या उष्णतेनेच तो सैल होऊन निघाला. परत बसवताना तांब्याचा मुलामा असलेले नट वापरावेत, ते जाम होत नाहीत.

जोडणीचा क्रम हाच येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन्ही हीट एक्स्चेंजर एक आणि तीन नंबरवर फक्त बोटाने नट फिरवून अडकवावेत. मग सायलेन्सर दोन आणि चार नंबरच्या स्टडवर सरकवावा, तोही बोटानेच. मागचे क्लॅम्प आणि त्यांच्या सीलिंग रिंगा सैल ठेवाव्यात. इनटेक मॅनिफोल्ड गरम ठेवणाऱ्या आडव्या नळीच्या दोन छोट्या फ्लॅन्जही सैलच. या अवस्थेत, एकही नट आवळण्यापूर्वी, दोन आणि चार नंबरच्या फ्लॅन्जभोवती फीलर गेज फिरवावा. फट चारही बाजूंनी सारखी असली पाहिजे. माझे इंजिन अरुंद असताना एका बाजूला गेज शिरत नव्हता आणि दुसऱ्या बाजूला दोन मिलिमीटरची पट्टी सहज जात होती. स्पेसर घातल्यावर तोच सायलेन्सर दोन्हीकडे हाताने सपाट टेकला. फट सारखी नसेल तर तेथेच थांबावे आणि कारण शोधावे. रुंदी बरोबर असूनही फ्लॅन्ज वाकडी असेल तर ती कापून, इंजिनावर बसवलेल्या अवस्थेत वेल्डचे टाके घालून, मग उतरवून पूर्ण वेल्ड करावी. सारे जुळल्यावर आधी दोन आणि चार, मग एक आणि तीन, आणि सर्वांत शेवटी क्लॅम्प, या क्रमाने थोडे थोडे आवळत २० न्यूटन-मीटरपर्यंत जावे. पहिल्या प्रवासानंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर एकदाच पुन्हा तपासावे.

गळती आहे की नाही हे इंजिन सुरू न करताही पाहता येते. व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवा बाहेर फेकण्याच्या बाजूला लावून ती सायलेन्सरच्या शेपटीत चिंधी गुंडाळून बसवावी आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी ब्रशने लावावे. बुडबुडे जेथे फुलतील तेथे गळती आहे. हीच परीक्षा हीट एक्स्चेंजरच्या आतल्या नळीवर अवश्य करावी, आणि येथे मी हात जोडून विनंती करीन, कारण हा गाडीच्या नव्हे, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. पंख्याची ताजी हवा या एक्स्चेंजरमधल्या तापलेल्या नळीभोवती फिरून हीटरवाटे प्रवाशांपर्यंत जाते. त्या नळीला गंजून भोक पडले असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट आतल्या मुलाबाळांपर्यंत पोहोचतो, आणि त्याला रंग नसतो, वास नसतो. एक्स्चेंजरच्या नळीत दाब सोडून हवेच्या वाटेने काही बाहेर येते का ते पाहावे, आणि बसमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवावा. हीटर सुरू केल्यावर डोके जड होत असेल तर हीटर बंद करून, खिडक्या उघडून, गाडी कडेला घ्यावी.

इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्टी यांच्याकडेही लक्ष द्यावे. या इंजिनाचा पंखा वरच्या कप्प्यातली थंड हवा ओढून सिलिंडरवरून खाली ढकलतो. खालची गरम हवा परत वर येऊ नये म्हणून पत्रे आणि बॉडी यांच्यामध्ये रबरी पट्टी असते. माझ्या गाडीत ती डावीकडे हातभर फाटलेली होती, म्हणजे एक्झॉस्टभोवतीची तापलेली हवा पुन्हा पुन्हा पंख्यात जात होती, आणि तीही तीन-चार नंबरच्याच बाजूला. ६५ ते ७० अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट आणि त्याच्या झडपा आधीच्या कोणीतरी काढून टाकल्या होत्या. मी त्या परत बसवल्या. गाडी अधिक थंड राहावी म्हणून त्या काढणे हा गैरसमज आहे, त्याने इंजिन सावकाश तापते आणि लवकर झिजते. इग्निशनचे आगाऊपण (ठिणगी किती अंश आधी पडते ते), व्हॅक्यूमची नळी काढून, चढ्या वेगावर २८ ते ३० अंशांच्या पुढे जाऊ दिले नाही. पंख्याचा पट्टा बोटाने दाबल्यावर सुमारे १५ मिलिमीटर दबेल इतका ठेवला.

इंजिन पुन्हा बांधून झाल्यावर ५०० किलोमीटरला रॉकर शाफ्ट उतरवून हेडचे नट तपासले. सोळाही ३२ वर जागच्या जागी वाजले. त्यानंतर आल्बचा तोच चढ पूर्ण सामानासह चार वेळा चढून झाला आहे. आज ४२०० किलोमीटरच्या तपासणीत तीन नंबरच्या दोन्ही वाल्व्हमधून ०.१५ ची पट्टी थोड्या घर्षणाने सरकली आणि ०.२० ची शिरली नाही. चार नंबरच्या फ्लॅन्जवर पांढरे कापड फिरवले, ते स्वच्छ आले. टॅपेटची पुढची तपासणी आता ५००० वर, नेहमीच्या वेळेला करणार आहे.